ऋषीचे कूळ, नदीचे मूळ आणि सायकलीचे चाक

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ ही म्हण मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानांवरून गेलेली असते. वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी ती दोन अगदी भिन्न अर्थांनी येते. एक अर्थ उदार आहे. माणसाची थोरवी त्याच्या कर्तृत्वावरून मोजावी, त्याच्या जन्माची चौकशी करीत बसू नये, असे तो सांगतो. दुसरा अर्थ भित्रा आहे. शोधू गेल्यास काहीतरी अडचणीचे हाती लागेल, यास्तव मुळाकडे जाऊच नये, असे तो सुचवितो. पहिल्या अर्थाविषयी आमची काहीच तक्रार नाही. दुसऱ्याविषयी मात्र आम्ही बरेच दिवस साशंक होतो, आणि गेल्या वर्षी घडलेल्या एका अगदी घरगुती प्रसंगाने त्या शंकेला निश्चित रूप आले. मुळाचा शोध हे केवळ कुतूहल केव्हा असते आणि ते कर्तव्य केव्हा होते, हा तो प्रश्न होय. तो आमच्यापुढे उभा करण्यास ना ऋषी कारण झाला, ना नदी. सायकलीचे एक जुने चाक कारण झाले.

आमच्या महाविद्यालयातील एका स्नेह्यांच्या घरी सायकलीचे मागचे चाक वर्षानुवर्षे माळ्यावर जपून ठेवलेले होते. बाकीची सायकल केव्हाच भंगारात गेली होती. स्नेह्यांच्या मातोश्री आता नव्वदीकडे झुकल्या आहेत. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहत, आणि १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांचे निरोप ते रात्री सायकलीवरून पोहोचवीत, अशी त्या घरातील आठवण आहे. हे चाक त्याच सायकलीचे, म्हणून जपलेले. दिवाळीपूर्वी माळा झाडला की चाक खाली येई, पुसले जाई आणि नातवंडांना ती हकीकत पुन्हा एकदा सांगितली जाई. जुनी यंत्रे उघडून पाहण्याचा आम्हांस नाद आहे हे स्नेह्यांना ठाऊक होते. चाक कोठल्या कारखान्याचे व कोणत्या सालचे एवढे आम्ही निश्चित करून द्यावे. खाली एक लहानशी पाटी लावून ते दिवाणखान्यात टांगण्याचा विचार आहे, असे सांगत ते एके रविवारी चाक घेऊन आमच्याकडे आले.

चाकाच्या मध्यभागी असणारा भाग, ज्यास सायकलवाले ‘हब’ म्हणतात, तो नेहमीपेक्षा पुष्कळच जाड होता. त्यावरून आत गिअर असला पाहिजे हे उघड झाले. स्पोकांची भोके मोजली, ती ४० भरली. मागच्या चाकाला ४० आणि पुढच्याला ३२ स्पोक ही जुनी इंग्रजी चाल होय. आसावरच्या आट्यांना मोजपट्टी लावली, तेव्हा इंचाला २६ आटे भरले. तीही इंग्रजी सायकलींचीच खूण. तेल घालण्याच्या छिद्रावर धातूचे लहान झाकण होते. पुढच्या काळात ही झाकणे प्लॅस्टिकची झाली. मग घासलेटात भिजविलेल्या फडक्याने गंज आणि जुन्या तेलाचा थर हळूहळू काढला, तेव्हा ठोकलेली अक्षरे दिसू लागली. ‘स्टर्मी-आर्चर’, ‘इंग्लंड’ आणि ‘ए. डब्ल्यू.’ असे शब्द वाचता आले.

स्टर्मी-आर्चर हे नाव इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहराचे आणि तेथील रॅले सायकलींच्या कारखान्याच्या घराण्यातले. ए. डब्ल्यू. ही त्यांची तीन वेगांची बनावट १९३६ साली बाजारात आली. हिच्या पोटात मध्यभागी २० दात्यांचे एक स्थिर चक्र असते, त्याभोवती लहान चक्रे फिरतात आणि त्या सर्वांना ६० दात्यांचे एक कडे वेढून असते. कोणता भाग कोणास फिरवितो हे एका तारेने बदलता येते. त्यामुळे साखळीने हबवरील दातेरी चक्र एकदा फिरविले असता मागचे चाक चढावर पाऊण वेढा, सपाटीवर एक वेढा आणि उतारावर एक पूर्णांक एक-तृतीयांश वेढा फिरते. हे सर्व आम्ही समजावून देत असताना स्नेह्यांचे लक्ष १९३६ या सालाकडेच होते. १९३६ ची बनावट आणि १९४२ च्या रात्री यांचा मेळ उत्तम बसत होता.

आम्ही फडके आणखी एकदा फिरविले. अक्षरांच्या शेजारी ५१ हा आकडा होता. हबवर सालाचे शेवटचे दोन अंक आणि महिन्याचा अंक ठोकण्याची त्या कारखान्याची पद्धत होती. हब १९५१ सालचा होता. ज्या रात्रींची हकीकत त्याच्याकडे बोट दाखवून सांगितली जात असे, त्या रात्री सरल्यानंतर नऊ वर्षांनी तो जन्मास आला होता.

स्नेही थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आपण पाटीवर ‘१९३६ साली निघालेल्या बनावटीचे चाक’ एवढेच लिहू. त्यात खोटे असे एक अक्षर नाही. आईला या वयात हे सांगून काय साधणार?”

त्यांचे म्हणणे निर्दय नव्हते. अप्रिय सत्य टाळावे असे सांगणारी वचने आपल्याकडे आहेत, आणि वृद्ध माणसाच्या आठवणीला धक्का लावण्यात कसली मर्दुमकी, हा प्रश्नही खोटा नव्हे. तथापि त्या वाक्यातील चातुर्य आम्हांस खटकले. प्रत्येक शब्द खरा आणि वाचणाऱ्याच्या मनात उत्पन्न होणारा समज खोटा, अशा वाक्याला काय म्हणावे? धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी उच्चारलेल्या शब्दांची कथा आपण मुलांना सांगतो ती नेमके हेच शिकविण्यासाठी. त्याच्या शब्दांत सत्य होते. परंतु ते द्रोणाचार्यांनी कसे समजून घ्यावे याची योजना असत्याची होती, आणि म्हणूनच त्याचा रथ जमिनीला टेकला.

येथे एक सावधगिरी बाळगणे मात्र अवश्य होते. आकड्याने नेमके किती सिद्ध झाले? हब १९५१ चा, एवढेच. सायकलीचा सांगाडा त्याच्या कितीतरी आधीचा असू शकेल. चाके बदलली जातात, हबच्या आतले भागही एका वर्षाचे काढून दुसऱ्या वर्षाच्या कवचात बसतात. आजोबांनी निरोप पोहोचविले की नाही, या प्रश्नावर तो आकडा काहीच बोलत नाही. पुराव्याहून अधिक होकार देणे जसे असत्य, तसेच पुराव्याहून अधिक नकार देणेही असत्यच. घरातील आठवण खोटी ठरली नव्हती; या चाकाला त्या आठवणीची साक्ष देता येत नाही, इतकेच ठरले होते. जुन्या वस्तूंचा शोध करणाऱ्याला ही दोन विधाने वेगळी ठेवता आली नाहीत, तर त्याची विद्वत्ता कुटुंबाच्या भाबडेपणाहूनही अधिक अपायकारक समजावी.

स्नेही गेल्यावर आम्ही त्या हबकडे पाहत बसलो, तेव्हा आणखी एक विचार मनात आला. या शिक्क्याने एका कुटुंबाची समजूत दुरुस्त केली खरी. परंतु हा शिक्का स्वतः तरी कितपत सत्यवचनी आहे? साल त्याने खरे सांगितले. नावाचे काय?

त्या नावाची कथा अशी आहे. सॅल्फर्ड येथील विल्यम रायली याने १८९६ साली दोन वेगांच्या हबचे पेटंट घेतले. १८९८ पासून तो हब ‘द हब’ याच नावाने विकला जाऊ लागला आणि चांगला खपला. पुढे रायलीने तीन वेगांची रचना तयार केली. दरम्यान त्याचे आणि त्या कारखानदारांचे बिनसले होते. परंतु आपल्या पुढील गिअरांचे हक्कही तो त्यांस आधीच लिहून देऊन बसला होता. या बंधनातून सुटण्यासाठी नव्या रचनेचे पेटंट त्याचा सहकारी जेम्स आर्चर याच्या नावे घेण्यात आले. त्याच सुमारास सायकलीवरील लेखनासाठी प्रसिद्ध असलेला पत्रकार हेन्री स्टर्मी यानेही तीन वेगांची एक रचना केली होती. रॅलेचे मालक फ्रँक बाउडन यांनी १९०२-०३ च्या सुमारास दोन्हींचे हक्क मिळविले आणि कारखान्याला स्टर्मी व आर्चर यांची नावे दिली. प्रत्यक्षात प्रथम तयार होऊ लागला तो हब मात्र रायलीचा होता. लक्षावधी हबांवर पुढे दोन नावे ठोकली गेली. रायलीचे नाव त्यांत नव्हते.

ही एकच गोष्ट असती तर अपवाद म्हणून सोडून देता आली असती. पण हबच्या पोटातील चक्रांची इंग्रजी नावे पाहा. मधल्या चक्राला ‘सूर्य’ आणि भोवतालच्यांना ‘ग्रह’ म्हणतात. सूर्य-ग्रह चक्रांची ही जोडी वाफेच्या एंजिनासाठी जेम्स वॅट याने १७८१ साली आपल्या पेटंटात घातली. ती सुचल्याचे श्रेय त्याच्याकडे नोकरीस असलेल्या विल्यम मर्डॉक याला दिले जाते. तेथेही कारण असेच होते. दुसऱ्याच्या पेटंटात अडकलेली सरळ युक्ती टाळून जाण्यासाठी ही आडवाट काढावी लागली होती. गिअर बदलणाऱ्या तारेला ‘बाउडन केबल’ म्हणतात, आणि रॅलेच्या बाउडनांनीच ती शोधली असा समज पुष्कळ दिवस प्रचारात आहे. वास्तविक १८९६ साली तिचे पेटंट घेणारे अर्नेस्ट बाउडन हे निराळेच गृहस्थ होते. एका मुठीत मावणाऱ्या यंत्रात नावांची एवढी अदलाबदल भरलेली आहे.

आता रायलीवर अन्याय झाला काय, हा खरा नैतिक प्रश्न. आमच्या मते त्याचे उत्तर सोपे नाही. रायलीने शब्द दिला होता आणि तो त्याने मोडला. निदान मोडण्याची वाट काढली. आपले नाव त्याने स्वतःच पुसले. ज्याने पळवाट काढण्यासाठी मित्राच्या नावामागे लपणे पत्करले, त्याने पुढे आपल्या नावाचा आग्रह कोणत्या तोंडाने धरावा? कायद्याच्या दृष्टीने त्याची बाजू लंगडी होती, आणि व्यवहारात त्याचा जो तोटा झाला तो त्याच्याच करणीचे फळ म्हणता येईल.

पण हक्क आणि वस्तुस्थिती या दोन गोष्टी एक नव्हेत. हक्क विकता येतो, दान करता येतो, करार मोडल्यामुळे गमावता येतो. घडलेली गोष्ट मात्र कोणालाच विकता येत नाही. रचना रायलीला सुचली, हे रायलीने लिहून दिल्याने खोटे होत नाही आणि आर्चरने सही केल्याने बदलत नाही. पुढील इतिहासाने तर हे फारच स्पष्ट करून ठेवले आहे. २००० साली स्टर्मी-आर्चरचा इंग्लंडातील कारभार आटोपला आणि ते नाव तैवानमधील सनरेस या कंपनीने विकत घेतले. रॅलेच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर आता नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ज्युबिली परिसर आहे. नाव जहाजात घालून दुसऱ्या खंडात नेता आले. १९५१ साली नॉटिंगहॅमात काय घडले आणि त्यापूर्वी अर्धे शतक सॅल्फर्डच्या एका माणसाच्या डोक्यात काय आले, हे मात्र जेथल्या तेथेच राहिले.

म्हणून आम्हांस असे वाटते की, मूळ शोधणे म्हणजे कोणाचा सत्कार करणे नव्हे. रायलीचे नाव सांगावयाचे तर त्याची पळवाटही सांगावी लागेल. जो केवळ गौरवासाठी मूळ शोधतो त्याला गौरवाच्या आड येणारी गोष्ट सापडताच शोध थांबवावासा वाटतो. कुळाची वंशावळ लिहवून घेणारे श्रीमंत लोक असेच करीत. शोधाची खरी कसोटी अशी की, जे सापडेल ते आपल्याला न आवडणारे असले तरी आपण फडके खाली ठेवीत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, शोधाला शेवटच नाही. रायलीच्या आधी १८९५ साली अमेरिकेतील इंडियाना संस्थानात सीवर्ड जॉन्सन याने अशाच दोन वेगांच्या हबचे पेटंट मिळविले होते. त्याच्याआधी मर्डॉक आहे. आणि ग्रीसच्या समुद्रातून १९०१ साली वर काढलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या अँटिकिथेरा यंत्रातही चंद्राची कमीअधिक गती दाखविण्यासाठी चक्रावर बसून फिरणारी चक्रे योजलेली आहेत. मग मूळ कोणते म्हणावे? आमचे उत्तर असे की, गंगोत्रीच्या मागे हिमनदी आहे आणि हिमनदीच्या मागे मेघ आहेत म्हणून हरिद्वारला नदी कोणत्या बाजूने आली हे सांगता येऊ नये, असे होत नाही. प्रत्येक पायरीवर कोणी काय भर घातली हे वेगळे सांगता येते. शेवटचे मूळ हाती लागत नाही म्हणून जवळचे मूळ नाकारणे, ही तत्त्वज्ञानाच्या वेषातली आळशी वृत्ती होय.

दुसरा आक्षेप अधिक आदरणीय आहे. नावाचा एवढा सोस कशाला? वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी जोडले जाते. ज्यांच्या छिन्नीखाली तो डोंगर कोरला गेला त्या हातांची नावे आपण घेत नाही, आणि तरी लेण्याचे तेज कमी होत नाही. कर्म करावे आणि फळाची आसक्ती सोडावी, हाच तर आपल्याकडील उपदेश. हे सर्व मान्य आहे. पण तो उपदेश कर्त्याला आहे, पाहणाऱ्याला नाही. आपले नाव आपण सोडणे हा त्याग. दुसऱ्याचे नाव आपण सोडून देणे हा त्याग नव्हे, ते ऋण बुडविणे आहे. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे मोठे कवी असता त्यांनी त्या ग्रंथात आपली भर घातली नाही, उलट पुढे कोणी घालू नये म्हणून बजावून ठेवले. स्वतःच्या नावाविषयीची अनासक्ती आणि ज्ञानदेवांच्या शब्दांविषयीची काटेकोर निष्ठा एकाच पुरुषाच्या ठायी नांदत होती, आणि त्यांच्यात विरोध नव्हता.

एवढे सर्व विचार झाले तरी स्नेह्यांच्या घरी काय सांगावे हा प्रश्न शिल्लकच होता. चाक परत करण्यास आम्ही गेलो तेव्हा स्नेह्यांनी डोळ्यांनी खूण केली. विषय काढू नये असे त्यांचे मत कायम होते. आम्हीही आपण होऊन बोलण्याचे टाळणारच होतो. परंतु मातोश्रींनी चाकावरून हात फिरविला, लख्ख झालेल्या अक्षरांवर बोट ठेवले आणि सरळच विचारले, “सर, तुम्ही वाचलंत ना? कुठल्या सालचं आहे हे?”

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे आणि न विचारता बोलणे यांत फरक आहे. आम्ही म्हटले, “आई, हे मधलं यंत्र १९५१ सालचं आहे. सायकल त्याआधीची असू शकेल. पण हे चाक मात्र बेचाळीस सालचं नव्हे.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. स्नेह्यांनी आमच्याकडे पाहिले त्या दृष्टीत राग होता, आणि तो आम्हांस अन्याय्य वाटला नाही. मग मातोश्री म्हणाल्या, “खरंच की. दादाला नोकरी लागली ती डोंगरापलीकडच्या शाळेत. तेव्हा वडील नव्हते. जुनं चाक मोडलं होतं, आणि दादाच्याच्यानं चढ चढवत नसे. आईनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि बाजारातून हे गिअरचं चाक जुनंच आणलं. चोपन्न साल असेल. मी होते बरोबर.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं आम्ही हे वडिलांचंच म्हणत आलो.”

त्या खोलीतील कोणालाच ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती कोणी दडवून ठेवली होती असेही नव्हे. वडिलांची हकीकत सांगण्यासारखी होती. विधवा आईने पाटल्या मोडून चाक आणले, यात सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटले नसावे. मोठ्या नावाच्या सावलीत दुसरे नाव झाकले गेले, आणि ते झाकण्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

चाक आता त्या घराच्या दिवाणखान्यात आहे. पाटी स्नेह्यांनी स्वतः लिहिली. मजकूर मातोश्रींनी सांगितला. ‘सायकलीचे मागचे चाक. नॉटिंगहॅम, १९५१. दादाच्या नोकरीसाठी आईने घेतले.’ वडिलांची हकीकत नातवंडांना अजूनही सांगितली जाते, पण ती सांगताना आता कोणी चाकाकडे बोट दाखवीत नाही.